हाताला खरं, डोळ्याला खोटं

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणतात. मालक म्हणतात, लेथवरचे म्हातारे कारागीर म्हणतात, माल न्यायला येणारा टेम्पोवालाही म्हणतो. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची, तिच्या धाकट्या नणंदेची. पण ही नणंद एकदा विसरलेला डबा द्यायला आली आणि तिने दारातूनच अशी हाक मारली, की सगळ्या यंत्रांच्या आवाजावरून ती पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटली. त्या दिवसापासून वहिनीचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

नणंदेचंही तसंच. वयाने लहान, तेव्हा तिला नावाने हाक मारली असती तरी कुणाची हरकत नव्हती. पण लग्न होऊन आलेल्या वहिनीने पहिल्याच आठवड्यात पाहिलं, की ही मुलगी घरात पाय पसरून बसते आणि पाण्यापासून पंख्यापर्यंत सगळ्याचे हुकूम सोडते. वहिनीने हात जोडून थट्टेने विचारलं, "वन्सं, अजून काही?" नाव चिकटलं. आता कोपऱ्यावरचा दुकानदारही तिला वन्सं म्हणतो आणि ती ओ देते.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका तिथे बनतात. गावाबाहेरच्या मैदानांवर लोक सुटीच्या दिवशी तोंडावर मुखवटे चढवतात, एकमेकांवर पेंटबॉल मारतात, रंगाने माखतात आणि हसत घरी जातात. या बंदुका कुणी खऱ्या समजाव्यात अशा नसतातच. डोक्यावर गोळ्यांचं भलंमोठं भांडं, पाठीमागे हवेची बाटली, आणि सगळं ओझं पेलायला खांद्यावरून पट्टा.

वहिनी तिथे साचे करते. त्याआधी ती बाहुल्यांच्या कारखान्यात होती आणि तिथे तिच्याकडे फक्त हात होते. डोळे दुसऱ्या टेबलावर, केस तिसऱ्या टेबलावर, हिच्यासमोर नुसते तळवे आणि बोटं. हात न्याहाळायची खोड तिला तिथूनच लागली. माणूस भेटला की ती आधी हात बघते, चेहऱ्याची पाळी नंतर येते. तिचा नवरा सांगतो, की माझं नाक कसं आहे हे हिला लग्नानंतर कळलं, आणि तेव्हा उशीर झाला होता.

तिच्या टेबलाशेजारी ओल्या फडक्यात माती झाकलेली असते. येईल त्याच्या हातात ती एक गोळा ठेवते आणि म्हणते, धरा. तो माणूस गोंधळतो, धरतो, सोडतो. मातीत त्याची मूठ राहते. अशा वाळलेल्या मुठींची एक फळीच आहे. कुणाचा अंगठा आखूड, कुणाची करंगळी बाहेर सुटलेली. या मुठी नसत्या, तर पुढचं काही झालं नसतं.

वन्सं बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी आहे. गाडीच्या मागच्या कप्प्यात, जाळीच्या खिडकीशी तिची जागा. ती जागा तिला फार आवडते. गाव आपल्यासमोरून उलटं सरकत जातं, असं ती सांगते, आणि त्या वेळी तिच्या आवाजातला हुकूम थोडा मऊ होतो. पण या जागेवर राहायचं तर दर वर्षी चाचणी द्यावी लागते. शिट्टी वाजते, समोर एक चित्र फिरून उभं राहतं. चित्रातल्या माणसाच्या हातात छत्री असेल तर थांबायचं, हत्यार असेल तर कमरेचं पिस्तूल होल्स्टरमधून काढून रोखायचं. एकदा नापास झालात तर माफ. लागोपाठ दुसऱ्यांदा झालात, तर गाडी सुटते आणि कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर स्टूल मिळतं.

वन्सं त्या वर्षी नापास झाली.

जेवताना तिने ते सांगितलं तेव्हा घास हातातच राहिला होता. छत्री तिला ओळखता आली होती, हत्यारही ओळखता आलं होतं. डोळे चुकले नाहीत, डोकं चुकलं नाही. शिट्टी वाजल्यावर हात मात्र कमरेकडे जायच्या आधी वर गेला, खांद्याकडे. तिथे काहीच नव्हतं. मग तो खाली आला, तोवर वेळ संपली होती.

"कुणी मारलं होतं का हाताला?" तिच्या दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने विचारलं. त्याला वाटलं, हसली तर बरं. ती हसली नाही.

वहिनीने जेवण अर्धवट ठेवून लाटणं आणलं आणि वन्संच्या कमरेला ओढणीने बांधलं. मग म्हणाली, काढ. वन्संने काढलं. पुन्हा काढ. दादाने आपलं ताट झाकून घेतलं. कितीतरी वेळा लाटणं कमरेतून सुटलं आणि परत खोचलं गेलं, आणि प्रत्येक वेळी वहिनीने पाहिलं, की वन्संचा तळवा आधी किंचित वर उचलतो, पट्टा शोधल्यासारखा, आणि मगच खाली वळतो.

वर्षभर प्रशिक्षण केंद्रात हे लोक रंगाच्या बंदुकांनीच सराव करतात. त्या बंदुका खांद्याला लटकतात. खरं पिस्तूल कमरेला असतं आणि सरावासाठी ते क्वचित मिळतं. वन्संच्या खांद्याला लटकणारी ती बंदूक वहिनीच्याच कारखान्यातली होती.

"तुझा हात चुकत नाहीये," वहिनी म्हणाली. "आम्ही शिकवलं तसंच तो करतोय."

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. तिला एक पिस्तूल करायचं होतं. रंगाचीच गोळी झाडणारं, पण पहारेकऱ्यांच्या होल्स्टरमध्ये बसेल असं. वजन तेच, मूठ तीच, चापावर बोटाला लागणारा जोर तोच. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. आपण खेळ विकतो, ते म्हणाले, आणि खेळात माणसाला मोठा आवाज, मोठी बंदूक, मोठा डाग हवा असतो. लहान गोळीचा डाग केवढा पडणार, टिकलीएवढा. वहिनी म्हणाली, चालेल, टिकलीही दुरून दिसते. शेवटी मालकांनी साच्यासाठी पोलाद दिलं, पण अट घातली. केंद्राने हे पिस्तूल घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर साचा वितळवून पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागायचं आणि हा विषय काढायचा नाही. वहिनीने मान डोलावली. पुढची चाचणी पावसाळा उलटल्यावर होती. त्याआधी वन्संच्या हाताला नवं वळण लागायला हवं होतं, आणि वळण लागायला वेळ लागतो, हे जिने एकदा लेकराला अक्षर गिरवायला शिकवलं आहे तिला सांगावं लागत नाही.

खऱ्या पिस्तुलाच्या गोळ्या मुठीच्या आत, मॅगझिनमध्ये एकावर एक उभ्या असतात. मैदानावरची पेंटबॉल मोठ्या बोराएवढी. ती मुठीत भरायची तर मुठीचा तांब्या होतो, आणि तांब्या धरून कुणाचं बोट चापापर्यंत पोचत नाही. म्हणून गोळी लहान हवी, टपोऱ्या वाटाण्याएवढी. शिवाय गोळी ढकलणाऱ्या वायूची अंगठ्याएवढी कुपीही त्याच मुठीत बसवायची. एका खोलीत दोन बिऱ्हाडं. वहिनीने फळीवरच्या मातीच्या मुठी एकेक करून मापल्या, त्यातली सगळ्यात लहान निवडली आणि ठरवलं, की हिला जमेल ते सगळ्यांना जमेल.

मूठ झाली. होल्स्टरमध्येही बसली. मग रंगावरून खडाजंगी झाली.

मालकांना पिस्तूल काळं हवं होतं. इतकं हुबेहूब झालंय तर काळंच करू, उद्या पोरंसोरंही विकत घेतील. वहिनीला ते पिवळंधमक हवं होतं, आणि वरून रंग लावून नव्हे, साच्यात ओतायच्या प्लास्टिकच्या दाण्यांतच रंग मिसळून, म्हणजे कितीही खरवडलं तरी आतून पिवळंच निघेल. मालक म्हणाले, मग हुबेहूब कशाला केलं एवढं? लेथवरच्या म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. वहिनीने ते अर्धं जुळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"हे हाताला खरं वाटलं पाहिजे, डोळ्याला नाही," ती म्हणाली. "रस्त्यात कुणाच्या हातात हे दिसलं आणि समोरचा घाबरला, तर त्याची भीती खरीच असेल. ते पाप मी साच्यात ओतणार नाही. काळं करायचं असेल तर साचा दुसऱ्याकडून करून घ्या."

मालकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि पिवळ्या दाण्यांचं पोतं मागवलं.

खरी अडचण त्यानंतर आली. लहान गोळी हलकी असते. शेडच्या मागे भुशाचं पोतं टांगून त्यावर जुना स्वेटर चढवला होता. गोळी जायची, स्वेटरला लागायची आणि न फुटता टुणकन खाली पडायची. केंद्रात असं झालं असतं तर सगळा सराव भांडणात गेला असता, लागली म्हणणारा एक आणि नाही लागली म्हणणारे दहा. म्हाताऱ्या कारागिरांचा सल्ला सरळ होता, दाब वाढव. वहिनीने वाढवून पाहिला आणि स्वेटरवर झाडण्याआधी एक गोळी आपल्याच मांडीवर घेतली. जांभळा डाग हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा झाला, तोवर ती चालताना थोडी लंगडत होती. वन्संने विचारलं, पिस्तूल पिवळं करतेस की स्वतःला. दाब पुन्हा खाली आला.

मग गोळीचं कवचच पातळ करून मागवलं. ते स्वेटरवर छान फुटायचं, पण निम्म्या वेळा त्याआधी नळीतच फुटायचं. वायूचा पहिला धक्काच त्याला सोसत नव्हता. वहिनी कित्येक दिवस हेच डोक्यात घेऊन हिंडली. घरी दार ढकलतानासुद्धा थबकायची. आपण दार उघडतो तेव्हा आधी हात टेकतो, मग जोर लावतो. आधीच जोर लावला तर तो धक्का होतो. गोळीलाही असंच करायला हवं होतं. वायू एकदम सोडण्याऐवजी आधी थोडा, मग उरलेला. त्यासाठी तिने एक इवलीशी झडप बसवली, घासली, काढली, पुन्हा केली. एका दुपारी पिस्तुलातून सुटलेली प्रत्येक गोळी स्वेटरवर जाऊन फुटली आणि शेडमागे हिरव्या ठिपक्यांचं पीक आलं. लेथवरचे सगळ्यात म्हातारे कारागीर बाहेर येऊन ते बघत उभे राहिले. म्हणाले, वहिनी, स्वेटर धुऊन घे, पुढच्या थंडीत मलाच घालायचा आहे.

केंद्राने एक सकाळ दिली.

वहिनीच्या घरी तिच्या आईपासून चालत आलेली एक शिस्त आहे. उद्याची घाई आजच्या संध्याकाळी निस्तरायची. भाजी चिरून ठेवायची, कपडे इस्त्री करून खुर्चीवर, डबे पुसून ओट्यावर. त्या संध्याकाळीही तिने भाजी चिरली, वन्संचा गणवेश इस्त्री केला, आणि सगळी मॅगझिनं गोळ्यांनी नीट भरून, मऊ कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली. झोपायच्या आधी पिशवीवरून एकदा हात फिरवला.

केंद्राचे उस्ताद म्हणजे किरकोळ अंगाचे, मवाळ आवाजाचे गृहस्थ. त्यांना बारमाही सर्दी असते आणि हातात कायम रुमाल. त्यांनी पिवळं पिस्तूल हातात घेतलं, तोललं, आपल्या होल्स्टरमध्ये घातलं, काढलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी त्याची दोन-तीनदा उगाचच काढघाल केली. मग पोतं समोर टांगलं आणि वन्संला पुढे बोलावलं. तिच्यासोबतचे सगळे पहारेकरी भिंतीशी उभे होते.

पहिल्या चापाला नळीतून हिरवा फवारा उडाला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला काहीच उडालं नाही, रंग नळीच्या तोंडातून ओघळून वन्संच्या मनगटावर आला. मॅगझिन बदललं. पुन्हा तेच. दात येणाऱ्या बाळासारखं ते पिस्तूल नुसतं लाळ गाळत राहिलं. भिंतीशी कुणीतरी म्हणालं, नळ गळतोय, प्लंबरला बोलवा. हॉल हसला. वन्संचे कान लाल झाले. एरवी तिने त्याला उभा चिरला असता, पण ती मनगट पुसत राहिली.

उस्तादांनी आपल्या रुमालाने नळी पुसली, पिस्तूल वहिनीच्या हातात परत दिलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, की हाताला फार चांगलं आहे, बाई. पण मला चालणारं पाहिजे.

घरी येताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. वन्सं म्हणाली, फाटकावरही सावली असते म्हणतात. वहिनी मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. काल दुपारपर्यंत एकही गोळी नळीत फुटली नव्हती, मग आज सगळ्या का फुटल्या, एवढंच तिच्या मनात होतं.

घरी आल्यावर तिने न वापरलेलं एक मॅगझिन उघडून गोळ्या स्टीलच्या ताटात ओतल्या. शेजारी डब्यातल्या ताज्या गोळ्या ओतल्या. ताट जरासं कललं. ताज्या गोळ्या घरंगळत सरळ काठाला जाऊन लागल्या. मॅगझिनमधल्या मात्र डुगडुगत, लंगडत, वाट सोडून गेल्या, दोन तर मध्येच थांबल्या. वहिनीने त्यातली एक उचलून उजेडात धरली. ती गोल नव्हती. दोन्ही बाजूंनी किंचित बसकी झाली होती. रात्रभर स्प्रिंगने तिला खालून दाबून धरलं होतं आणि पातळ कवच हळूहळू त्या दाबाला वाकलं होतं. बसकी गोळी नळीत अडकते, अडकली की फुटते. कारखान्यात हे कधी दिसलं नाही, कारण तिथे भरलं की लगेच झाडलं जायचं. एखाद्या अजागळ बाईने मॅगझिनं रिकामीच नेऊन तिथल्या तिथे भरली असती, तर पिस्तूल उत्तम चाललं असतं.

वहिनी खुर्चीत बसली आणि हसली. वन्संला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

मालकांनी मात्र साचा काढून ठेवायला सांगितला होता. अट ती अट. वहिनीने दोन गोष्टी एकदम केल्या. स्प्रिंग नरम केली, आणि साचा वितळवायला न देता आपल्या टेबलाखाली सरकवून त्यावर पाय ठेवून बसली. मालक दोनदा टेबलापर्यंत आले. दोन्ही वेळा त्यांनी तो पाय पाहिला आणि दुसऱ्याच कामाचं बोलून गेले.

मग ती केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. उस्ताद बाहेर आले तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. पिस्तूल चुकलं नव्हतं, मी चुकले, ती म्हणाली. आदल्या संध्याकाळी भरून ठेवलं. खिशातून दोन गोळ्या काढून तिने त्यांच्या तळव्यावर ठेवल्या, एक ताजी, एक बसकी. उस्तादांनी दोन्ही चिमटीत फिरवून पाहिल्या. त्यांना दुसरी शंका होती. इतकी नाजूक गोळी माणसावर झाडायची म्हणजे ती लागते किती, आणि समोरच्याला कळते किती, हे पोत्याला विचारून समजत नाही.

"आमच्याकडे एक रीत आहे," ते शिंकून म्हणाले. "जो नवीन वस्तू आणतो तो आधी समोर उभा राहतो. मोठ्या बंदुका आल्या तेव्हा मीच आणल्या होत्या, मीच उभा राहिलो. तुमची तयारी असेल तर या."

वहिनी म्हणाली, दिवस सांगा.

या वेळी मॅगझिन हॉलमध्येच, उस्तादांच्या समोर भरलं. वहिनीने भुशाच्या पोत्यावरचा तोच ठिपक्यांचा स्वेटर घातला होता, मुखवटा चढवला आणि समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. झाडायला वन्संच पुढे आली. तिने नाव दिलं होतं की उस्तादांनी निवडलं होतं, हे दोघींनीही कधी सांगितलं नाही. भिंतीशी उभ्या असलेल्यांत खसखस पिकली. नणंद, भावजय आणि पिस्तूल, एवढं त्यांना पुरे होतं. कुणीतरी म्हणालं, बऱ्याच घरांत हे बघायला तिकीट लावतील.

शिट्टी वाजली.

वन्संचा हात सरळ कमरेकडे गेला. वर उचललाच नाही. पिवळं पिस्तूल होल्स्टरमधून सुटलं, दुसरा हात त्याला येऊन मिळाला, नळी वहिनीच्या छातीवर स्थिर झाली. वेळ अजून उरली होती.

आणि वन्सं थांबली.

मुठीचं वजन नेहमीच्या पिस्तुलाएवढंच होतं. चापावर बोट तसंच टेकलं होतं. हाताच्या दृष्टीने ते खरंच होतं, आणि समोर मुखवट्याच्या काचेमागे वहिनीचे डोळे होते. वन्संचं बोट दबेना. भिंतीशी खसखस थांबली. मोठ्या बंदुका घेऊन याच हॉलमध्ये लोक एकमेकांच्या पाठीवर खुशाल रंग उडवत आणि चहाला जात. तिथे एवढी शांतता आधी कधी झाली नव्हती.

बोलली ती वहिनी. मुखवट्यातून आवाज दबका आला, पण हॉलभर ऐकू गेला.

"वन्सं, माझ्याकडे बघू नकोस. ठिपक्यांकडे बघ. दाब."

वन्संने दाबलं. टप् असा आवाज झाला. स्वेटरवरच्या जुन्या सुकलेल्या ठिपक्यांमध्ये एक ओला हिरवा ठिपका उमटला आणि हळूहळू खाली ओघळला. वहिनी किंचित मागे झुकली, मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, अजून. मॅगझिन संपेपर्यंत एकही गोळी नळीत फुटली नाही, एकही स्वेटरवरून टुणकन पडली नाही. शेवटी वन्संने पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं आणि बटण लावलं.

उस्ताद वहिनीजवळ गेले, कुठे किती लागलं ते विचारलं. मुंगी डसल्यासारखं, ती म्हणाली, पण मोठी मुंगी. मग ते भिंतीशी उभ्या असलेल्यांकडे वळले. ते म्हणाले, की आज या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी चाप दाबण्याआधी विचार केला. आपण इथे तेच शिकायला येतो. उद्यापासून खांद्याचे पट्टे गोदामात ठेवा.

ते पिस्तूल केंद्राने ठेवून घेतलं. साच्यावरचा पाय वहिनीने तेव्हा काढला. मालकांनी तिला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, पण पिवळ्या दाण्यांची आणखी पोती आली.

वन्सं रोज सरावाला थांबू लागली. पाऊस सुरू झाला, लांबला, संपला. सुरुवातीला हात मधूनच वर जायचा, विशेषतः ती दमलेली असली की. घरी ती चिडायची, पिस्तुलाला नावं ठेवायची, मूठ फार खरखरीत आहे, माझ्या तळव्याला घट्टे पडले म्हणायची. खऱ्याचीही तशीच आहे, वहिनी म्हणायची आणि पुढचं काम हातात घ्यायची. वन्सं म्हणायची, भावाने बायको आणली की साचा आणला. दादा म्हणायचा, मला विचारू नकोस, मीही त्यातूनच निघालोय.

चाचणीच्या दिवशी वहिनी रोजच्यासारखी कामावर गेली. वन्संने येऊ नकोस म्हणून बजावलं होतं. दुपार झाली, काही कळलं नाही. फोन आला नाही. एक पहारेकरी डावखुरा होता आणि त्याला मूठ उलटी पडत होती, म्हणून नवी मूठ करायची होती. वहिनीने ती घासायला घेतली, घासता घासता जास्त घासली आणि फेकून दुसरी घेतली. मालक एकदा येऊन बघून गेले. लेथवरच्या म्हाताऱ्यांनी यंत्र बंद करून चहा घेतला आणि तिचा कप टेबलावर तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समजलं, तेही कुणी सांगितलं नाही. वन्सं आदल्या संध्याकाळी घरी आलीच नव्हती. एकाची रजा होती, दुहेरी पाळी लागली, एवढाच निरोप दादाकडे आला होता, कुठल्या जागेवर ते त्यात नव्हतं. वहिनी कारखान्यात जायला निघाली. शेडच्या रस्त्याच्या तोंडाशी सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. त्यांत ती करडी, जड, बाजूंना खिडक्या नसलेली गाडी होती.

मागच्या बाजूची जाळीची खिडकी वहिनीच्या अगदी समोर आली. आत वन्सं बसली होती. टोपी भुवयांपर्यंत, पाठ ताठ, एक हात कमरेशी. ड्युटीवर असताना कुणाला हात करायची त्यांना परवानगी नसते, हसायचीही नसते. वन्सं हसली नाही. तिने वहिनीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग दुकानांकडे, छताकडे, पुन्हा रस्त्याकडे, जसं शिकवलं होतं तसं. वहिनी फुटपाथवर उभी राहून तिचा उजवा तळवा बघत होती. तो होता तिथेच होता.

सिग्नल सुटला. गाडी गेली. वन्संच्या खिडकीतून आता गाव उलटं सरकत असेल. वहिनी रस्ता ओलांडून शेडमध्ये शिरली आणि डावखुऱ्याची मूठ तिने पुन्हा पहिल्यापासून घेतली.